किल्लीचा तिसरा मुक्काम

पाने, पक्कड, टेस्ट लॅम्प, सगळं आधी बाजूला ठेवा. आज हात काळे करायचे आहेतच, पण जरा उशिरा. गाडी जुनी आहे. कार्ब्युरेटरची मारुती 800 धरू, नव्वदच्या दशकातली. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आवारात ती अजून अधूनमधून उभी दिसते, आणि तिच्यात काय कुठे आहे ते लपवून ठेवलेलं नाही. तुमची गाडी दुसरी कुठली असली तरी बिघडत नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, काचा खाली, पंखा आणि टेप बंद. ड्रायव्हरच्या सीटवर बसा. किल्ली नुसती आत सरकवा. फिरवू नका.

किल्लीला काय काय लटकलंय ते बघा. घराच्या लॅचची किल्ली, कपाटाची, स्कूटरची, बँकेच्या लॉकरची, आणि कुठून तरी आणलेला पितळी गणपती. जुडगा बोटाने अलगद उचला आणि सोडा. उचलताना किल्लीवरचा भार किती कमी झाला आणि सोडताना किती पडला, एवढंच जाणवू द्या. जुडग्याकडे नंतर पुन्हा यायचं आहे.

आता किल्ली फिरवा, पण एकेक घर, सावकाश. पहिलं घर लॉक. इथे स्टिअरिंग जखडलेलं असतं. त्यापुढे एसीसी, म्हणजे टेप चालेल, इंजिन नाही. मग ऑन. बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागला. प्रत्येक घराशी बोटांना एक खटका लागतो. घर सोडताना थोडा जोर द्यावा लागतो आणि पुढच्या घरात किल्ली आपणहून बसते. मागे जा, पुन्हा पुढे या. दोन-चार वेळा करा. घाई नाही. खटका तिन्ही ठिकाणी सारखाच लागतो का? ऑनवर आल्यावर किल्ली तिथे ठाम बसते, की बोटाने डावी-उजवीकडे हलवली तर डुगडुगते? आणि डुगडुगताना लाल दिवा मिणमिणतो का? दिवा मिणमिणला तर निम्मं निदान झालं म्हणायला हरकत नाही. तरी उठू नका.

चौथं घर स्टार्ट. तिथे अजून जायचं नाही, फक्त विचार करायचा. या घरात खटका नसतो. स्प्रिंग असते, आणि ती किल्लीला सतत मागे ढकलत असते. चार घरांपैकी राहायला मनाई असलेलं घर हे एकटंच. इंजिनाने धरलं की हात सुटतो आणि किल्ली आपसूक तिसऱ्या घरी, ऑनवर, येऊन थांबते. मग पुण्याहून कोल्हापूरपर्यंत, चार तास लागोत की पाच, ती तिथेच असते. आपण मात्र इग्निशन स्विच चांगला की वाईट हे ठरवतो ते चौथ्या घरावरून. सेल्फ म्हणजेच स्टार्टर मारला, गाडी सुरू झाली, म्हणजे स्विच ठीक. प्रवास ज्या घरात होतो त्याची चौकशी कुणी करत नाही.

जुन्या गाड्यांतली एक तक्रार आता मनात घोळवा. किल्ली फिरवली, सेल्फने घेतलं, इंजिन फुरफुरून सुरू झालं, आणि किल्ली सोडताच गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू, सोडली की पुन्हा बंद. गॅरेजमध्ये हे सांगितलं की पहिला हात कार्ब्युरेटरकडे जातो. जेट साफ होतात, प्लग बदलले जातात, पेट्रोल पंप उघडला जातो. पण तक्रारीचे शब्द नीट ऐका. सोडली की बंद. इंजिनाला स्टार्टच्या घरात ठिणगी मिळते आहे, ऑनच्या घरात मिळत नाही. इग्निशन कॉइलला या दोन्ही घरांत वीज जायला हवी. स्विचच्या आतला एका घरातला पत्रा झिजला असेल तर असंच होणार, दुसरं काही होऊच शकत नाही असं नाही, पण इथून सुरुवात करणं शहाणपणाचं. आपल्याकडे मननाच्या आधी श्रवण सांगितलंय ते उगाच नाही. तक्रार पूर्ण ऐकून घेणारा इलेक्ट्रिशियन निम्म्या खर्चात काम करून देतो.

उलटी तक्रारही असते. ऑनवर सगळे दिवे नीट, किल्ली पुढे नेली की काहीच नाही, टक् असा आवाजसुद्धा नाही. किंवा नुसतं टक्. या दोन शांततांत फरक आहे. हेडलाइट लावा, समोरच्या भिंतीवर उजेड पडू द्या, आणि आता, पहिल्यांदाच, किल्ली स्टार्टला न्या. उजेड एकदम मंदावला तर बॅटरी, तिची टर्मिनलं किंवा अर्थची वायर बघा, स्विचच्या नादी लागू नका. उजेड तसाच राहिला आणि टक् झालं, तर स्विचने आपलं काम बहुधा केलंय. सोलनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज जोडून देणारा विजेचा स्विच, किंवा स्टार्टर अडलाय. उजेड तसाच आणि आवाजही नाही, तर निरोप पोचलेलाच नाही. मग स्विच, त्याचा कपलर, आणि तिथून सोलनॉइडपर्यंतची वायर, एवढ्यातच शोधायचं. भिंतीवरच्या उजेडाला पैसे पडत नाहीत. तरीही किती चांगल्या बॅटऱ्या केवळ संशयावरून बदलल्या जातात.

क्षणभर मागे जाऊ, किल्ली यायच्या आधीच्या काळात. मोटारीला तेव्हा पुढून हँडल मारावं लागे. आपल्याकडे फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरने ती सोय पुढे कितीतरी वर्षं जपली. बॅटरी बसली की डिकीतून हँडल निघायचं आणि शेजारपाजारचे सल्ले द्यायला जमायचे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, म्हणून अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून धरायचं हे वडीलधारी मंडळी बजावून सांगत. अमेरिकेत 1912 सालच्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला. त्याआधी अशी मोटर गाडीत मावणारच नाही असं मानलं जाई. अख्खं इंजिन फिरवायचं तर मोटरही तेवढीच अवजड लागेल, हा हिशेब. केटरिंग त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी विजेची मोटर बसवली होती. गल्ला उघडायला ताकद बरीच लागते, पण क्षणभरच. तेवढ्यापुरता लहान मोटरवर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तर ती जळत नाही, कारण तापायच्या आत काम आटोपतं. गाडी सुरू करणंही तसंच क्षणाचं काम आहे, हे त्यांनी ओळखलं.

यावर थोडं रेंगाळा. सुरुवात करणारी मोटर लहान चालते, कारण तिला टिकायचं नसतं. टिकायचं काम ज्याच्याकडे असतं, त्याचं गणित वेगळं.

आता डोळे मिटा आणि विजेचा माग काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून जाड केबल थेट स्टार्टरकडे जाते. इंजिन फिरवताना तिच्यातून शंभराहून जास्त अँपिअर वाहतात. हा करंट किल्लीतून जात नाही, जाऊच शकत नाही. दुसरी, पातळ वायर डॅशबोर्डच्या दिशेने वळते, स्टिअरिंगच्या दांड्याखाली शिरते आणि इग्निशन स्विचला भेटते. किल्ली खिशात असो, गाडी आठवडाभर उभी असो, या वायरीत वीज हजर असतेच. म्हणून बंद गाडीचा स्विचही पूर्ण झोपलेला नसतो. फोर्डने 1996 मध्ये अमेरिकेत सुमारे 79 लाख गाड्या परत बोलावल्या त्या याच भागासाठी. स्विचमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागत होती, काही वेळा उभ्या, बंद गाडीतसुद्धा.

स्विचपासून वाटा फुटतात. एक टेपकडे. एक कॉइल, वायपर, पंखा, इंडिकेटर यांच्याकडे. एक सोलनॉइडकडे. कोणती वाट कधी उघडायची ते किल्ली ठरवते. स्टार्टच्या घरात टेप आणि पंखा क्षणभर बंद पडतात, तो बिघाड नव्हे. सगळी वीज सेल्फला मिळावी म्हणून ठरवून केलेली योजना आहे. या वाटांवरून जाणारा करंट स्विचच्या आतल्या पितळी पत्र्यांवरून आणि तांब्याच्या टिपक्यांवरून जातो. हे टिपके हरभऱ्याच्या डाळीएवढे.

तिथे काय घडतं त्याचा हिशेब मनातच करता येतो. नव्या स्विचमध्ये एका टिपक्याचा रोध जवळपास शून्य. वर्षं जातात, दर वेळी उघडझाप होताना बारीकशी ठिणगी पडते, पृष्ठभाग खरबरीत होतो, काळा पडतो. समजा रोध 0.1 ओहम झाला. सगळ्या वाटा मिळून 15 अँपिअर जातायत. 0.1 गुणिले 15, दीड व्होल्ट वाटेतच गळाले. कॉइलला बारा-साडेबाराच्या जागी अकरा मिळतात, ठिणगी फिकी पडते. आणि गळालेले दीड व्होल्ट गुणिले 15, म्हणजे साडेबावीस वॅट, त्या इवल्याशा टिपक्यावर उष्णता होऊन बसतात. प्लास्टिकच्या घरात. तास न् तास. उष्णतेने पत्र्याखालची स्प्रिंग ढिली पडते, दाब कमी होतो, दाब कमी झाला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता. कुठेही कुणी चूक केलेली नसते. नुसतं टिकून राहण्याचीच ही झीज.

म्हणून गाडी अर्धा तास चालवून झाल्यावर स्टिअरिंगखालच्या कव्हरवर हात ठेवा. कोमट लागलं तर बघायला हवं. जळक्या प्लास्टिकचा वास आला तर आजच, आत्ता.

आता डोळे उघडा. मल्टिमीटर घ्यायला हरकत नाही. बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. मग ऑनवर किल्ली ठेवून स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरीत किती फरक पडतो ते मोजा. पंखा चालू, वायपर चालू, म्हणजे भार असताना. भार नसताना झिजलेला स्विचही पूर्ण व्होल्ट दाखवतो. फरक 0.1-0.2 व्होल्टपर्यंत असेल तर सोडून द्या. अर्ध्याच्या पुढे गेला तर दोषी सापडला. मोजताना दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच हलवा. आकडा नाचला की शंका उरत नाही.

आता बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पहिलं काम हेच, कारण ती सदा जिवंत असणारी वायर तुम्ही लवकरच उघडी करणार आहात. गाडीत एअरबॅग असेल तर स्टिअरिंगच्या आसपास हात घालण्यापूर्वी त्या गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेवढा वेळ थांबा. मारुती 800 मध्ये तो प्रश्न नाही. स्टिअरिंगखालचं कव्हर दोन भागांत असतं, स्क्रू खालून. ते सुटलं की दोन गोष्टी दिसतात, आणि पुष्कळदा त्या एकच समजल्या जातात. एक, किल्ली जिथे शिरते ते कुलूप, ओतीव धातूचं, स्टिअरिंगच्या दांड्याला अशा बोल्टांनी जखडलेलं की ज्यांची डोकी बसवतानाच मोडून टाकतात. चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. दोन, त्याच्या पाठीशी लहान स्क्रूंनी अडकवलेला प्लास्टिकचा डबा, ज्यातून वायरी निघतात. वीज इथे आहे. पुढचं नुसतं कुलूप.

कोण बिघडलंय ते आता शांतपणे ठरवा. किल्ली अडकते, जोर लावावा लागतो, दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावली की सुरळीत फिरते, तर झीज कुलपात किंवा किल्लीतच आहे. कंपनीच्या नंबरवरून नवी किल्ली कापून घेतली आणि कुलपात तेलाऐवजी ग्रॅफाइट पावडर घातली तर बरेचदा भागतं. झिजलेल्या किल्लीवरून तशीच झिजलेली दुसरी काढून देणारे किल्लीवाले चौकाचौकांत आहेत, पण त्याने झीज दुप्पट होते एवढंच. आणि किल्ली छान फिरते पण वीज धरत नाही, तर दोष पाठच्या डब्यात. तो एकटा बदला. अख्खा लॉकसेट बदलला की दाराला एक किल्ली, इंजिनाला दुसरी, पेट्रोलच्या झाकणाला तिसरी असा संसार सुरू होतो. मला विचाराल तर जिथे डबा सुटा मिळतो तिथे कुलपाला हात लावू नये.

डबा काढण्याआधी वायरींचा आणि कपलरचा फोटो घ्या. मग काढलेला डबा वर्तमानपत्रावर ठेवून उघडा. बदलायचाच आहे, तेव्हा तुटला तरी चालेल. चटकन बाहेर उडेल ती स्प्रिंग, तिच्या टोकाशी गोळी किंवा गुळगुळीत डोक्याची लहान खुंटी. हिला हातात घ्या. बोटांना मघाशी जो खटका लागत होता, तो हिचा. फिरत्या भागाच्या कडेला खाचा असतात. घर आलं की खुंटी खाचेत उतरते, पुढे जायचं तर तिला स्प्रिंगच्या विरुद्ध वर चढावं लागतं. तिसऱ्या घराची ती खाच नीट न्याहाळा. इतर खाचांपेक्षा तिच्या कडा गोलसर झाल्यात का? स्प्रिंग दाबून बघा. दाबाला उत्तर देते का, की हार मानून बसलीये?

या एवढ्याशा तुकड्यापाशी थांबण्याचं कारण आहे. फेब्रुवारी 2014 पासून जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि तत्सम लहान गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. आकडा 26 लाखांवर गेला. त्या गाड्यांत स्विच फिरवायला काही अडचण नव्हती, उलट किल्ली फारच हलकी फिरायची. खुंटीमागची स्प्रिंग आखूड होती, तिसऱ्या घरात किल्ली धरून ठेवण्याइतका जोर तिच्यात नव्हता. रस्त्यावर गचका बसला, गुडघा लागला, किंवा किल्लीला जड जुडगा लटकत असला की चालत्या गाडीत किल्ली ऑनवरून एसीसीवर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग जड, आणि पुढे टक्कर झालीच तर एअरबॅग उघडायच्या नाहीत, कारण त्यांचीही वीज गेलेली. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. 2015 मध्ये अमेरिकी सरकारबरोबरच्या तडजोडीत कंपनीने 90 कोटी डॉलर भरले. दुरुस्त भागाला नगामागे 57 सेंट खर्च होता, असं अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत मांडलं गेलं.

यात माझ्या मनात सर्वांत जास्त राहिलेली गोष्ट हा खर्चाचा आकडा नव्हे. कंपनीच्या अभियांत्रिकी विभागात हा दोष माहीत झाला होता आणि 2006 च्या सुमारास जास्त लांब स्प्रिंगचा नवा स्विच येऊही लागला होता. पण त्याचा पार्ट नंबर बदलला नाही. जुना आणि नवा, दोन्हींवर तोच क्रमांक. त्यामुळे एका सालच्या गाड्यांत अपघात का होतात आणि पुढच्या सालच्यांत का नाहीत, हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं उलगडत नव्हतं. अखेर एका अपघाताच्या खटल्यात दोन्ही स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले गेले, तेव्हा स्प्रिंगच्या लांबीतला फरक डोळ्यांना दिसला.

म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात जाल तेव्हा उघडलेला जुना डबा खिशात घेऊन जा. दुकानदार नंबर विचारेल, सांगा. खोक्यावरचा नंबर जुळला की पैसे काढू नका. डबा खोक्यातून बाहेर घ्या, मधल्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून काउंटरवरच फिरवा. एक घर, दोन घर, तीन. तिसऱ्यावर थांबा आणि स्क्रू ड्रायव्हर अलगद हलवा. ठाम बसतोय? स्टार्टला नेऊन सोडा. झटक्यात परत येतो, की रेंगाळतो? रेंगाळणारा स्विच सोलनॉइडला वीज देत राहील आणि सुरू झालेल्या इंजिनाबरोबर स्टार्टर फिरत राहून भाजेल. दुसरा नग मागा, तोही फिरवा. मागे रांग लागली असेल तर लागू द्या. बोटांनी मघाशी सीटवर बसून जो अभ्यास केला तो इथे उपयोगी पडतो.

काही जण जुनाच डबा पॉलिश पेपरने घासून परत बसवतात. मुक्कामी पोचायला ते पुरतं. पण टिपके घासले की धातू आणखी पातळ होतो, आणि थकलेली स्प्रिंग घासून तरुण होत नाही. ज्या गाडीचा भाग मिळतच नाही तिथे नाइलाज. अशा वेळी स्विचवरचा भार कमी करावा. सोलनॉइडची आणि पंख्याची वाट रिलेकडे वळवली की किल्लीला फक्त रिलेची कॉइल चालवायची उरते, तिला 0.2 अँपिअरसुद्धा लागत नाही. नवा डबा बसवतानाही हे करून घ्यावं असं माझं मत, विशेषतः ज्यांनी नंतरून मोठा टेप, अ‍ॅम्प्लिफायर, जादा दिवे असं सगळं एसीसीच्या एका बिचाऱ्या वायरीला जोडलंय त्यांनी. फक्त फ्यूज विसरू नका आणि जोड पिळून टेप गुंडाळू नका, क्रिंप करा.

बसवताना कुलपातली पट्टी आणि नव्या डब्यातली खाच एकाच घरात आहेत ना ते बघा. स्क्रू हाताने सुरू करा. कपलर खटका लागेपर्यंत दाबा. त्याच्या आतली एखादी पिन तपकिरी झालेली दिसली तर तीही आत्ताच बदला, नाहीतर नव्या स्विचला जुना ताप वारशाने मिळेल. मग निगेटिव्ह केबल.

पुन्हा सीटवर बसा. किल्ली एकेक घर न्या. दिवे, मग सेल्फ, मग हात सोडा. इंजिन चालू असताना किल्ली ऑनवरच ठेवून हलवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, वायरी कुठे ओढल्या जात नाहीत ना बघा. त्यानंतर जिथे खड्डे आहेत अशा रस्त्याने एक फेरी मारा. तसा रस्ता शोधायला फार लांब जावं लागणार नाही. वाटेत कधी इंजिन बंद पडलंच तर किल्ली मागे लॉकपर्यंत ओढू नका, स्टिअरिंग जखडेल. ब्रेक एकदाच, सलग दाबा, कारण बूस्टर असला तर त्यात एक-दोन दाबांपुरताच दम उरतो, आणि गाडी कडेला घ्या.

परत आल्यावर कव्हर लावण्याआधी डब्यावर हात ठेवून बघा, आणि जुडग्यातून गाडीची किल्ली वेगळी काढा. गणपती डॅशबोर्डवर बसवता येतो. लॉकरची किल्ली गाडीत फिरवायचं तर काही कारणच नव्हतं.